वाढदिवसाची रोड ट्रिप: शहर, जंगल आणि समुद्र एकाच फेरीत कसे बसवायचे?

वाढदिवस म्हटलं की हॉटेलात जेवण, रात्री बाराला केक आणि दुसऱ्या दिवशी फोटो, हा ठरलेला कार्यक्रम. आता अनेक घरांत आणि मित्रांच्या ग्रुपमध्ये त्याची जागा रोड ट्रिपने घेतली आहे. कुणाची तिशी, कुणाच्या आईची साठी, कुणाच्या मुलाचा पहिला मोठा वाढदिवस. निमित्त मिळालं की गाडी काढायची आणि चार-सहा दिवस भटकून यायचं.

अशा सहलीचं नियोजन बहुतेक वेळा व्हॉट्सॲप ग्रुपवर होतं. कुणी रील टाकतं, कुणी किल्ल्याचा फोटो टाकतं, आणि बघता बघता यादी पंधरा ठिकाणांची होते. ठिकाणं सगळी छान असतात, पण ती कोणत्या महिन्यात बघायची, किती तासांत गाठायची आणि गाडी कोण चालवणार, हे शेवटपर्यंत ठरत नाही. सहल फसते ती इथेच, आणि कधी कधी जिवावरही बेतते.

शहर, अभयारण्य आणि समुद्रकिनारा हे तिन्ही एका फेरीत बसवायचे असतील तर महाराष्ट्रात त्यासाठी एक अगदी सोयीचा पट्टा आहे. पुणे, कोल्हापूर, राधानगरीचं जंगल आणि मालवणपासून दापोलीपर्यंतचा कोकण किनारा. हाच मार्ग धरून वाढदिवसाची रोड ट्रिप कशी आखायची, ते पाहू.

वाढदिवसाची ट्रिप इतर ट्रिपपेक्षा वेगळी का?

पहिलं कारण म्हणजे तारीख. एरवीची सहल पाऊस बघून, सुट्टी बघून पुढे-मागे ढकलता येते. वाढदिवस ढकलता येत नाही. जुलैमध्ये जन्मलेल्या माणसाला डिसेंबरचं कोकण त्याच्या वाढदिवशी मिळणार नाही. त्यामुळे ठिकाण ठरवून तारीख शोधण्याऐवजी इथे तारखेवरून ठिकाण शोधावं लागतं.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. 'रात्री बाराला केक कापायचाच' या हट्टापायी अनेक ग्रुप ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी निघतात आणि रात्री घाट उतरतात. दिवसभर काम केलेला चालक, अनोळखी वळणं, समोरून येणाऱ्या मोठ्या गाड्यांचे दिवे आणि मागच्या सीटवर झोपलेली मंडळी, हे मिश्रण धोकादायक असतं. मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंत शरीर झोप मागतंच. चहा घेतला, गाणी लावली, काच खाली केली, तरी ती झोप जात नाही, फक्त थोडी लांबते.

यावर साधा उपाय आहे. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत मुक्कामाला पोहोचायचं आणि वाढदिवसाच्या दिवशी लांबचा प्रवास ठेवायचाच नाही. म्हणजे सात दिवसांची सहल असेल तर वाढदिवस चौथ्या दिवशी यावा. जाताना एखादा दिवस वाया गेला तरी तारीख चुकत नाही आणि परतीलाही घाई होत नाही.

आणखी एक पर्याय मराठी घरांत आधीपासून आहे. अनेक घरांत वाढदिवस तिथीने होतो. तिथी आणि तारीख दरवर्षी काही दिवसांनी पुढे-मागे होतात. त्यामुळे तारखेला गर्दी किंवा परीक्षा आली, तर तिथीचा दिवस धरता येतो. साठी, पंचाहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शनासारखे सोहळे तर घरच्यांच्या सोयीनेच ठरतात. तिथे चांगला महिना निवडायला पूर्ण मोकळीक असते.

आधी महिना बघा, मग नकाशा

जानेवारी-फेब्रुवारी: या मार्गासाठी सगळ्यात उत्तम काळ. हवा थंड, समुद्र शांत, किल्ल्यांच्या होड्या चालू. फक्त एक गोष्ट तपासावी. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा साधारण याच काळात येते. तिची तारीख पंचांगातल्या ठराविक तिथीवर नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. त्या दोन-तीन दिवसांत मालवण-कणकवली भागात खोली मिळणं कठीण असतं आणि रेल्वे, बस सगळं भरलेलं असतं.

मार्च: शिमग्याचा महिना. गावोगाव पालख्या निघतात आणि मुंबईकर चाकरमानी गावी येतात. बघायला सुंदर, पण महामार्गावर गर्दी. मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडली जातात. लहान मुलाचा वाढदिवस या दिवसांत असेल तर यापेक्षा चांगली भेट क्वचित मिळेल.

एप्रिल-मे: हापूसचे दिवस. देवगड आणि रत्नागिरी दोन्ही याच मार्गावर आहेत. ऊन आणि दमटपणा मात्र भरपूर. दुपारी बारा ते चार बाहेर फिरण्याचं काही ठरवू नये. जंगलात पाणवठे आटत आल्याने प्राणी दिसण्याची शक्यता वाढते.

जून ते सप्टेंबर: पावसाळा. किनाऱ्यावरचे जलक्रीडा प्रकार आणि जलदुर्गांच्या होड्या बंद असतात, जंगल सफारीही बंद असते. १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्यामुळे 'मालवणला जाऊन ताजी सुरमई खाऊ' हा बेत जुलैत जमत नाही. घाटात दरड कोसळणं ही नेहमीची गोष्ट. या महिन्यांतल्या वाढदिवसाला समुद्र बाजूला ठेवून घाटमाथ्यावर थांबणं शहाणपणाचं. कोल्हापूर, पन्हाळा, आंबोली हा भाग तेव्हा हिरवागार असतो. साताऱ्याजवळचं कास पठार साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलतं. तिथे जाण्याआधी ऑनलाइन नोंदणी करून ठेवावी.

याच काळात गणपती येतात. त्या आठवड्यात कोकणात जाणाऱ्या रस्त्यांवर इतकी वाहनं असतात की नेहमीचा वेळ दुप्पट धरावा लागतो. स्वतःच्या गावी गणपतीला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. नुसतं फिरायला जाणाऱ्यांनी हा आठवडा टाळलेला बरा.

ऑक्टोबर ते डिसेंबर: ऑक्टोबरमध्ये उकाडा असतो, पण होड्या सुरू झालेल्या असतात आणि जंगलंही उघडू लागतात. नोव्हेंबर आणि डिसेंबरचे पहिले तीन आठवडे आल्हाददायक. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते ३१ डिसेंबर हे दिवस सोडून. त्या काळात खोलीचे दर चढतात आणि चांगल्या जागा महिनाभर आधीच जातात.

सात दिवसांचा मार्ग

पुण्यातून निघून पुण्यात परतायचं, असं धरलं तर फिरणं मिळून साधारण हजार किलोमीटर होतात.

पहिला दिवस, पुणे ते कोल्हापूर: अंतर सुमारे २३० किलोमीटर. सकाळी सहाला निघालं तर दुपारच्या जेवणापर्यंत पोहोचता येतं. महामार्गाच्या रुंदीकरणाची कामं चालू असतील तर तासभर जास्त धरावा. दुपारी विश्रांती, संध्याकाळी अंबाबाईचं दर्शन आणि रंकाळा. रात्री तांबडा-पांढरा रस्सा. खरेदी करायची असेल तर कोल्हापुरी चप्पल, जिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

दुसरा दिवस, पन्हाळा आणि राधानगरी: पन्हाळा कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटरवर. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी हा एक. या संपूर्ण मार्गावर त्या बारांतले चार किल्ले भेटतात: पन्हाळा, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग. सकाळी पन्हाळा करून दुपारी राधानगरीकडे निघायचं. भोगावती नदीवरचं इथलं धरण राजर्षी शाहू महाराजांनी उभारलं. पाणी ठरलेल्या पातळीवर गेलं की आपोआप उघडणारे त्याचे दरवाजे दर पावसाळ्यात बातम्यांत असतात. मुक्काम राधानगरी परिसरात.

तिसरा दिवस, दाजीपूर ते मालवण: राधानगरी अभयारण्य गव्यांसाठी प्रसिद्ध आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारसा दर्जा मिळाला. त्यात महाराष्ट्रातल्या चार जागा आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. सफारी पहाटेची घ्यावी. नंतर फोंडा घाट उतरून कणकवलीमार्गे मालवण गाठायचं. घाट दिवसाउजेडी उतरायचा आणि चारच्या आत मालवणात पोहोचायचं, हा या दिवसाचा एकमेव नियम.

चौथा दिवस, वाढदिवस, मालवण: आज गाडी उभी. सकाळी औक्षण, मग होडीने सिंधुदुर्ग. कुरटे बेटावरच्या या किल्ल्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरू केलं. होडी सकाळी लवकर घेतली तर ऊनही लागत नाही आणि गर्दीही नसते. दुपारी मालवणी थाळी आणि सोलकढी, संध्याकाळी तारकर्ली किंवा देवबागचा किनारा. ज्याचा वाढदिवस आहे तो नेहमी गाडी चालवणारा असेल, तर आज त्याची खऱ्या अर्थाने सुट्टी.

पाचवा दिवस, मालवण ते गणपतीपुळे: देवगड, विजयदुर्ग करत रत्नागिरी. किनाऱ्याचा रस्ता वळणावळणाचा, त्यामुळे पूर्ण दिवस धरावा. रत्नागिरीत थिबा राजवाडा बघता येतो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी इथे नजरकैदेत ठेवलं होतं आणि १९१६ मध्ये इथेच त्याचा मृत्यू झाला. तिथून आरे-वारेच्या किनाऱ्याने गणपतीपुळे सुमारे २५ किलोमीटर.

सहावा दिवस, गणपतीपुळे ते दापोली: या दिवशी दोन खाड्या गाडीसकट फेरीबोटीने पार होतात. जयगड ते तवसाळ, आणि गुहागर सोडल्यावर धोपावे ते दाभोळ. फेरीबोट नसती तर याच प्रवासात लांबचा वळसा पडला असता. संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव चालतो. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो.

सातवा दिवस, दापोली ते पुणे: वेळासमार्गे वेसवी-बागमांडला फेरीबोट, मग हरिहरेश्वर, म्हसळा, माणगाव आणि ताम्हिणी घाटाने पुणे. हा दिवस मोठा आहे. उशीर झाला तर हरिहरेश्वर सोडून द्यावं, पण ताम्हिणी अंधारात चढायला घेऊ नये.

तीनच दिवस असतील तर?

मग मार्ग छोटा करावा, वेग वाढवू नये. मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडीसह मांडव्याला उतरता येतं. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तिथून अलिबाग, रेवदंडा, वाटेत फणसाड अभयारण्य आणि मुरुड-जंजिरा. शहर, जंगल आणि किनारा तिन्ही होतात. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. तिसऱ्या दिवशी आल्या वाटेने परत.

पुणेकरांना ताम्हिणी घाटाने दिवेआगर, हरिहरेश्वर आणि आगरदांडा-दिघी फेरीबोटीने मुरुड असा तीन दिवसांचा बेत जमतो.

किलोमीटर नाही, तास मोजा

नियोजनातली सगळ्यात मोठी चूक इथे होते. महामार्गावर तासाला ६०-७० किलोमीटर सहज जातात, म्हणून कोकणातही तेवढेच धरले जातात. प्रत्यक्षात घाट, गावातले अरुंद रस्ते, समोरून येणारी एसटी आणि मध्येच थांबून फोटो काढणं हे सगळं धरलं तर किनाऱ्याच्या रस्त्याने तासाला ३० ते ३५ किलोमीटरच होतात. म्हणजे नकाशावर १५० किलोमीटर दिसत असतील तर ते साडेचार-पाच तासांचं काम आहे. त्यात जेवण आणि चहा मिळवला की सात तास.

यावरून सोपा हिशोब निघतो. किनाऱ्यावर दिवसाला १५० किलोमीटरपेक्षा जास्त ठेवू नयेत. दर दोन तासांनी गाडी थांबवावी. शक्यतो दोन चालक असावेत. दुपारच्या भरपेट जेवणानंतर लगेच स्टिअरिंग हातात घेऊ नये, कारण झोप तेव्हाही येते.

फेरीबोटीचा वेळही यात धरावा. शनिवार-रविवारी रांग मोठी असते आणि एखादी फेरी हुकू शकते. शेवटची फेरी किती वाजता आहे, हे सकाळीच विचारून ठेवावं. ती चुकली तर खाडीला वळसा घालून रात्री जावं लागतं.

घाटात उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवण्याची सवय अनेकांना असते. ती जीवघेणी आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. अरुंद जागी समोरासमोर आल्यास चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते.

खर्च किती धरायचा?

इंधनाचा हिशोब स्वतःच करता येतो. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर हजार किलोमीटरला साधारण ६७ लिटर लागतात. लिटरला १०५ रुपये धरले तर सात हजारांच्या आसपास. चौघांत वाटले तर माणशी पावणेदोन हजार. घाट आणि एसीमुळे मायलेज कमी होतं, म्हणून वर हजार रुपये जास्त ठेवावेत.

राहणं आणि खाणं हा खरा मोठा खर्च. कोकणात हॉटेलांबरोबर घरगुती निवासाची सोय गावोगाव आहे. जेवण घरचंच मिळतं, पण आधी सांगावं लागतं. मासे हवेत की शाकाहारी, किती माणसं, किती वाजता, हे सकाळी कळवलं तर दुपारी ताट तयार. ऐनवेळी आठ जण येऊन उभे राहिले तर घरमालकाचीही पंचाईत होते. सोमवार, गुरुवार किंवा चतुर्थीला काही घरांत मासे शिजत नाहीत, हेही आधी विचारावं.

पैसे कोण देणार, हा वाढदिवसाच्या ट्रिपमधला नाजूक प्रश्न. 'बर्थडे बॉय'ने सगळं द्यायचं की सगळ्यांनी मिळून त्याचा वाटा उचलायचा, हे निघण्याआधी स्पष्ट झालं पाहिजे. परत आल्यावर हिशोबावरून दुरावलेले मित्र बऱ्याच ग्रुपमध्ये सापडतात. सुरुवातीलाच प्रत्येकाने ठरावीक रक्कम एकाकडे जमा करायची आणि त्यातूनच खर्च करायचा, ही जुनी पद्धत अजूनही सगळ्यात चांगली. थोडी रोख रक्कम जवळ असावी, कारण खाडीकाठच्या गावात रेंज गेली की यूपीआयही जातं.

गाडी कोणाची आणि कागद कोणते?

स्वतःची किंवा घरच्यांची गाडी असेल तर वाहन परवाना, नोंदणी पुस्तक, चालू विमा आणि पीयूसी लागतात. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली कागदपत्रं चालतात. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का, ते आदल्या दिवशी बघावं.

गाडी भाड्याने घेणार असाल तर नंबर प्लेट बघा. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या अधिकृत गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. चालकासह मिळणाऱ्या टॅक्सीची प्लेट पिवळी असते. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी कुणी दिवसाच्या भाड्याने देत असेल तर ते नियमात बसत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि मग नुकसान आणि कोर्टकचेरी दोन्ही अंगावर येतं. चार पैसे वाचवण्यासाठी हा धोका घेण्यासारखा नाही.

सीटबेल्ट मागे बसणाऱ्यांनाही सक्तीचा आहे. उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. लहान मुलाला पुढे मांडीवर घेऊन बसणं, त्याला सनरूफमधून उभं करणं, यात मौज वाटते खरी, पण अचानक ब्रेक लागला तर त्याला धरून ठेवणं कुणाच्याही हातात नसतं.

दारूबद्दल कायदा सरळ आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मालवणहून गोवा जवळ असल्याने अनेक जण एक दिवस तिकडे जातात. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि सीमेवर तपासणी होते.

समुद्रात उतरण्याआधी

या मार्गावर सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती इथे. गणपतीपुळ्यासह कोकणातल्या अनेक किनाऱ्यांवर दरवर्षी पर्यटक बुडतात. त्यात पोहता येणारेही असतात. कारण समुद्र विहिरीसारखा नसतो.

किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायला एखादी अरुंद वाट शोधतं. त्या जागी आत ओढणारा जोरदार प्रवाह तयार होतो. तिथे लाटा कमी फुटतात, त्यामुळे पाणी उलट शांत दिसतं आणि लोक नेमके तिथेच उतरतात. अशा प्रवाहात सापडल्यावर किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा प्रयत्न केला तर दमछाक होते. त्यापेक्षा किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत प्रवाहाच्या बाहेर यावं आणि मग किनाऱ्याकडे वळावं. पोहता येत नसेल तर अंग सैल सोडून तरंगावं आणि हात वर करून मदत मागावी. दुसरा बुडताना दिसला तर साखळी करून आत शिरू नये. दोरी, रिकामा कॅन, ट्यूब काहीही तरंगणारं फेकावं. वाचवायला गेलेले बुडाल्याच्या घटनाही काही कमी नाहीत.

भरती-ओहोटीच्या वेळा गावातल्या कोणत्याही कोळ्याला विचारता येतात. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त वर येतं. हरिहरेश्वरची खडकातली प्रदक्षिणेची वाट भरतीच्या वेळी आणि पावसाळ्यात टाळावी. तिथे एक मोठी लाट पुरते.

गाडी वाळूत नेण्याचा मोहही आवरावा. ओहोटीला कडक वाटणारी वाळू चाकाखाली बसते, गाडी रुतते आणि दोन तासांत भरतीचं पाणी बॉनेटपर्यंत येतं. मग ट्रॅक्टरवाल्याला शोधायचं, गावकऱ्यांचा राग झेलायचा आणि गॅरेजचं बिल भरायचं. काही ठिकाणी पोलीस गुन्हाही दाखल करतात.

केक, फुगे आणि जंगल

अभयारण्यात वाढदिवस साजरा करायचा म्हणजे पहाटे शांतपणे जीपमध्ये बसायचं आणि गव्यांचा कळप दिसला तर श्वास रोखून बघायचं. फटाके, मोठं संगीत, शेकोटी, ड्रोन यातलं काही जंगलात चालत नाही. गवा दिसायला शांत असला तरी तो अंगाने प्रचंड असतो आणि बिथरला तर गाडीवरही येऊ शकतो. त्यामुळे गाडीतून खाली उतरून सेल्फी नको. सफारी वनखात्याकडे नोंद करून, शुल्क भरून आणि ठरवून दिलेल्या वाहनातूनच करायची असते. साप्ताहिक सुट्टी कोणती, हेही आधी विचारावं.

किनाऱ्यावर रात्री पार्टी करताना फुगे, चमकी आणि प्लास्टिकच्या ताटल्या वाळूत राहतात आणि भरतीला समुद्रात जातात. कासवं जिथे अंडी घालतात त्या किनाऱ्यांवर रात्रीचे प्रखर दिवे आणि आवाज विशेष त्रासदायक ठरतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात आणि दिवा चुकीच्या बाजूला असेल तर त्यांची वाट चुकते.

केक तर तीनशे किलोमीटर गाडीत टिकत नाही. मालवण, रत्नागिरी, दापोली या तिन्ही गावांत बेकऱ्या आहेत. दोन दिवस आधी फोन केला की काम होतं. किंवा केकऐवजी घरगुती मुक्कामी उकडीचे मोदक, खापरोळी किंवा आंबोळीचा बेत सांगावा. ज्याचा वाढदिवस आहे त्याला तो जास्त लक्षात राहतो.

आजी-आजोबा किंवा लहान मुलं सोबत असतील तर

साठी-पंचाहत्तरीच्या सहलीत रोज मुक्काम बदलू नये. कोल्हापुरात दोन रात्री आणि मालवणात तीन रात्री ठेवून तिथूनच आजूबाजूला फिरावं. खोली तळमजल्यावरची घ्यावी आणि कमोड आहे का, हे फोनवर विचारावं. होडीत चढताना-उतरताना धक्क्यावरच्या पायऱ्यांना शेवाळ असतं, तिथे हात धरायला एक जण हवा. लाइफ जॅकेट सगळ्यांनीच घालावं, 'मला पोहता येतं' म्हणणाऱ्यानेही.

नेहमीची औषधं मोजून दोन दिवसांची जास्त घ्यावीत आणि हँडबॅगेत ठेवावीत, डिकीतल्या तळाच्या बॅगेत नाही. मुलांना घाटात उलटी होते, म्हणून निघण्याआधी पोटभर तेलकट नाश्ता नको.

निघण्याच्या आदल्या दिवशी

टायरमधली हवा, स्टेपनीची हवा, जॅक आणि पाना, वायपर, ब्रेक आणि कूलंट बघून घ्यावं. स्टेपनी असूनही तिच्यात हवा नसते, हा अनुभव रस्त्यावरच येतो. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवावा, कारण घाटात आणि खाडीकाठी रेंज जाते. पेट्रोलची टाकी अर्धी झाली की भरावी. इलेक्ट्रिक गाडी असेल तर प्रत्येक मुक्कामाजवळ चार्जिंग कुठे आहे, ते फोन करून पक्कं करावं.

मदतीचे क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असावेत: आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावरच्या अडचणीसाठी १०३३.

घरी राहिलेल्या एका माणसाकडे रोजच्या मुक्कामाचं नाव आणि फोन नंबर लिहून द्यावा. संध्याकाळी पोहोचलो की त्याला कळवायचं, एवढंच काम. आणि घाटाच्या तोंडाशी पोहोचताना अंधार पडलाच, तर तिथेच एखादी खोली बघून थांबावं. केक सकाळी कापला तरी वाढदिवस तोच असतो.